मिठाच्या पेटीतले चार दिवस

हमीदभाई, तुम्हाला माती द्यायला आलो तेव्हाही माझ्या मनात तुमच्याविषयी संशयच होता. गुरुवारी दुपारी तुमच्या जावयाचा फोन आला, "चाचा, अब्बा गुजर गये," आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "कशानं?" जणू त्यातही काही लपवाछपवी असणार. तो बिचारा म्हणाला, "दिलका था. झोपेतच गेले." तरी मी विचारलंच, "डॉक्टरनं बघितलं होतं का?" तेव्हा सुनीतानं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि पुढचं सगळं तीच बोलली. वीस वर्षं झाली, पण तुमचं नाव निघालं की मी आधी खोटच शोधतो.

कब्रस्तानात तीन मुठी माती टाकून मागं सरलो आणि समोर तो माणूस दिसला. बिडकीनच्या हॉटेलात तुमच्याबरोबर चहा पिताना ज्याला बघितलं होतं, तोच. केस पिकले होते, पण एक खांदा खाली सोडून चालायची ढब तीच. मनात म्हटलं, आला बघा, शेवटपर्यंत साथ द्यायला आला. तुम्हाला अजून पुरती मातीही पडली नव्हती. माझी मलाच लाज वाटली, पण नजर त्याच्यावरून हटेना. त्याचं पुढं सांगतो.

आधी आपलं चितेगाव. पैठण रोडवरची ती पत्र्याची शेड, बाहेर 'धातू परीक्षण' अशी पाटी, आत तुम्ही, मी, साहेब आणि दुपारी झोपणारा वॉचमन. आपल्याकडं समुद्र नाही. नाथसागर आहे, पण त्याचं पाणी गोडं. तरी कारखान्यांची माणसं यायची आणि विचारायची, आमचं स्टील खाऱ्या पाण्यात टिकंल का? मग आपण त्यांच्यासाठी समुद्र तयार करायचो. लग्नात बर्फाची पेटी असते तेवढी फायबरची पेटी, तिच्यात शंभर भागांत पाच भाग मीठ घातलेल्या पाण्याचं बारीक धुकं सोडायचं, आणि त्या धुक्यात स्टीलच्या सळया नायलॉनच्या दोऱ्यानं टांगून ठेवायच्या. महिनाभर रात्रंदिवस. मग त्या धुऊन, पुसून यूटीएमवर चढवायच्या. यूटीएम म्हणजे सळई दोन्ही टोकांनी पकडून तुटेपर्यंत ओढणारं यंत्र. किती जोरात तुटली, तो आकडा रिपोर्टात. तुम्ही किंवा मी, दोघांनीही तोवर खरा समुद्र पाहिलेला नव्हता. बाहेर चितेगावात प्यायच्या पाण्याला टँकर लागायचा आणि आत आपण समुद्र चालवत होतो.

मी कन्नड तालुक्यातला, शेतकऱ्याचा पोरगा, डिप्लोमा करून नुकताच लागलो होतो. पहिल्या दिवशी तुम्ही माझं सर्टिफिकेट मागितलंत आणि ते उजेडाकडं धरून बघितलंत. मला वाटलं, गंमत करताहेत. तुम्ही गंमत करत नव्हतात. तुम्ही कुणावरच भरवसा ठेवायचा नाहीत. खिशात छोटं चुंबक असायचं, दिसेल त्या भांड्याला लावून बघायचात. मी एकदा शहाणपणा केला, "चिकटलं नाही म्हंजी भारी स्टील ना हमीदभाई?" तुम्ही म्हणालात, "सगळे असंच म्हणतात. हलक्या मालालाबी नाय चिकटत. चुंबकपर शक कर, मेरेपर बी शक कर." वर रोज सकाळी पेटीतून गळलेल्या पाण्याचा थेंब बोटावर घेऊन, आमटी चाखावी तसा जिभेला लावायचात. मोजायला उपकरण होतं. पण तुमचं ठरलेलं, "मशीन बादमें. जबान पैले." थुंकायचात, चूळ भरायचात आणि मग वहीत आकडा लिहायचात.

हा स्वभाव कुठून आला, ते तुम्ही एकदाच सांगितलंत. दुपारी डबा खाताना. निजामाविरुद्धच्या पोलीस अॅक्शननंतरच्या वर्षांत तुमच्या अब्बांकडं जो तो कागद मागायचा. घर तुमचंच कशावरून, नोकरी खरी कशावरून, तुम्ही इथलेच कशावरून. "आमच्या घरात शक दुसऱ्यांनी घ्यायचा, आम्ही कागद दाखवायचा. मी ठरवलं, शक घ्यायचीच नोकरी धरायची," असं म्हणून तुम्ही हसलात. मीही हसलो. ते हसण्यासारखं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

आणि मग त्या पिना आल्या. कोकणातल्या कुठल्याशा खाडीवर बोटीनं माणसं ये-जा करतात. धक्का आणि तरंगता तराफा यांच्यामध्ये लोखंडी पूल असतो, भरती-ओहोटीबरोबर त्याचं एक टोक वर-खाली होतं, आणि तो ज्या मनगटाएवढ्या जाड खिळ्यांवर फिरतो त्या ह्या स्टेनलेसच्या पिना. बनवणारा वाळूजकडचा कारखानदार, चाचणी आपली. त्यानं त्याच मालाच्या सळया पाठवल्या. तीन पेटीत टांगल्या, तीन कोऱ्या ठेवल्या.

दहा-बारा दिवस झाले असतील, तोच तुमच्या शबानाच्या लग्नासाठी तुम्ही चार दिवसांची रजा काढलीत. पेटीची किल्ली माझ्या हातात देताना तीनदा सांगितलंत, "शनिवारी पेटीचं पिंप भर. मीठ तोलून घे. डिस्टिलचंच पाणी." साहेबही पुण्याला गेलेले. आणि नेमका शनिवारी सकाळी घरून निरोप आला, कन्नडला मुलगी बघायला ये. मी म्हटलं, दुपारच्या एसटीनं जातो, रविवारी सकाळी परत. पिंप आल्यावर भरू.

पुढचं तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही. मुलगी बघितली, पसंत पडली. रविवारी सकाळी मामा लोकांनी बैठक मांडली, सुपारी फुटली. मग कुणीतरी म्हणालं, पाव्हणे जमलेतच तर साखरपुडाही उरकून घ्या, पुन्हा सगळ्यांना गोळा कोण करणार? आमच्याकडं असं ठरलं की ठरलं, तिथं नवऱ्या मुलाला कोणी विचारत नाही. मीही कुठं घाईत होतो? सुनीतानं दोनदा माझ्याकडं बघितलं होतं. मंगळवारी संध्याकाळी शेडवर आलो तेव्हा पेटी गप्प होती. पिंप तळाला कोरडं. झाकण उघडलं तर सळयांवर मिठाची पांढरी पापडी धरलेली. वॉचमन झोपलेला, म्हणून डिस्टिलच्या पाण्याचा टँकरवाला गेटवरूनच परत गेलेला आणि शेडमध्ये त्या पाण्याचा थेंब शिल्लक नव्हता.

काय करायला पाहिजे होतं ते मला माहीत होतं. वहीत लिहायचं, पेटी बंद पडली, अमुक वेळ. चाचणी बाद धरून नव्या सळया टांगायच्या. पेटी कोरडी पडल्यानं सळयांचं नुकसान कमी झालं की जास्त, हेसुद्धा सांगता येत नाही, म्हणून तर ती बाद करायची असते. मी काय केलं? बोअरचं पाणी पिंपात ओतलं, अंदाजानं मीठ टाकलं, पेटी सुरू केली. आणि खुर्चीत बसून चार दिवसांच्या आठ नोंदी एका दमात लिहून काढल्या. सकाळ, संध्याकाळ, तापमान, गोळा झालेलं पाणी. एकाच पेनानं, एकाच बैठकीत. आकडे मात्र थोडे थोडे बदलले, खरे वाटावेत म्हणून. एवढी अक्कल होती.

बुधवारी तुम्ही आलात, मेंदीच्या वासाचे हात, लग्नातल्या मिठाईचा डबा. आल्या आल्या थेंब बोटावर घेतलात आणि जिभेला लावलात. थुंकला नाहीत. तसेच उभे राहिलात.

"पानी बदल्या क्या रे?"

"नाय हमीदभाई. तेच हाय."

"चितेगावका लगता है."

"नाय ओ, डिस्टिलचंच."

तुम्ही वही उघडलीत. दोन पानं मागं गेलात, पुन्हा पुढं आलात. मी मिठाईचा डबा सोडवत बसलो होतो, आणि दोरीची गाठ काही सुटत नव्हती. तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, "खा. शबानाच्या सासरची आहे." बस. त्यानंतर त्या पाण्याबद्दल तुम्ही मला एक अक्षर विचारलं नाहीत, आणि ते न विचारणंच मला वीस वर्षं टोचत राहिलं.

महिना भरला. सळया यूटीएमवर चढल्या. पहिल्या दोन मिठातल्या सळयांना कोऱ्यांइतकाच जोर लागला. तिसरीलाही आकडा आला, थोडासाच कमी. मी खूश. तुम्ही तिसरीचे दोन्ही तुकडे उचलून खिडकीपाशी नेलेत, भिंग लावलंत.

"ताकद तर आली ना?" मी म्हटलं.

"आली. पर ये देख. त्या दोघींनी तुटायच्या आधी कंबर काढली, मधी बारीक झाल्या, लांबल्या. ही? बिना बताये गयी." आणि तुटलेल्या कडेवरचं एक भोक दाखवलंत, टाचणीच्या टोकाएवढं. मीठ तिथून आत शिरलं होतं आणि तूट तिथूनच सुरू झाली होती.

"नियमात नुसता आकडा मागितलाय."

"नियम लिवणारा त्या पुलावर उभा राहणार हाय का? पेटीत ह्या नुसत्या लटकत होत्या, दत्ता. तिथं दिवसातून दोनदा भरती. रोज वाकणार, रोज सुटणार, आन् वरून खारं पाणी. ताकद किती ते मला नको सांगू. तुटताना सांगून तुटतंय का, ते सांग."

हा आपला वाद पुढं वीस वर्षं, जेव्हा भेटलो तेव्हा चालला. मी म्हणायचो, खाऱ्या पाण्यानं स्टेनलेसची ताकद कमी होत नाही, यंत्रानं दाखवलंय. तुम्ही म्हणायचात, यंत्र एकदाच ओढतं. तुमचंच बरोबर होतं. मला ते त्या दिवशी खिडकीपाशीच पटलं होतं. पण पटलं म्हणावं तर तिसरी सळई अशी का वागली, हे शोधावं लागलं असतं. आणि शोधलं असतं तर वही उघडली असती.

साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. रिपोर्टावर तुमची सही आधी, मग माझी.

"हमीद, सही कर. माल थांबलाय."

"साहेब, मेरेकू शक है."

"कसला शक?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. माझ्या कानात पंख्याचा आवाज भरला होता. मग तुम्ही म्हणालात, "पेटीचा. पुन्हा लावू या. एक महिना और."

साहेबांनी मला विचारलं, "का रे, पेटी बंद होती का?"

"नाय साहेब. वही बघा की."

वही टेबलावरच होती. तुम्ही ती उघडून दाखवली असती तर माझं तिथंच संपलं असतं, नोकरी गेली असती, ठरलेलं लग्न मोडलं असतं. तुम्ही पेन टेबलावर ठेवलंत आणि बाहेर गेलात. तुमच्या जागी साहेबांनी सही केली. खाली मी केली. ठळक, पूर्ण नाव, आडनावासकट.

आता माझा नीचपणा सांगतो. सही करायला मला काहीतरी आधार हवा होता, आणि तो मी तुमच्यातच शोधला. आठवडाभर आधी मी कामासाठी बिडकीनला गेलो होतो, तिथं हॉटेलात तुम्ही त्या खांदा झुकलेल्या माणसाबरोबर बसलेले दिसलात. तो माणूस दुसऱ्या पिन बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे, हे मला ठाऊक होतं. मी तिथूनच मागं वळलो होतो. केबिनमधून बाहेर पडता पडता मी साहेबांना म्हटलं, "हमीदभाई त्या दुसऱ्या पार्टीच्या माणसाबरोबर दिसले होते ओ." एवढंच. पुढचं लोकांनी लावलं. चहाच्या टपरीवर, कंपन्यांच्या गेटवर, 'हमीदनं खाल्ले' हे आठ दिवसांत पसरलं. सहा महिन्यांनी तुम्ही नोकरी सोडलीत आणि शहागंजात वजनकाटे दुरुस्तीचं दुकान टाकलंत. मी सीनियर झालो.

गंमत अशी, की ते बोलून बोलून माझाही त्यावर विश्वास बसला. वाटायचं, तुम्ही खरे असतात तर वही उघडली असतीत. नाही उघडली, म्हणजे तुमच्याही पायाखाली काहीतरी जळत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच असावं, पण तेव्हा चोर मी नाही, तुम्ही होतात.

माझ्या लग्नाला तुम्ही आलात. मला वाटलं नव्हतं याल. स्टीलचा मोठा डबा आणलात आणि मांडवात सगळ्यांसमोर सुनीताला म्हणालात, "बेटी, यात लोणचं नको ठेवू. लोणच्याला काचेची बरणी. मीठ स्टीललाबी सोडत नाय." सुनीताला वाटलं, आहेर आणला आणि वर अटी घालतोय. तिनं मुद्दाम कैरीचं लोणचं त्यातच घातलं. वर्षानं डबा घासला तर तळाला बारीक बारीक खड्डे. तेव्हापासून ती तुमच्या बाजूची झाली. मी तुमच्याविषयी काही बोललो की ती म्हणायची, "त्यांनी सांगितलं ते खरं निघालं. तुमचं कधी निघालंय?" तिला वहीतलं काही माहीत नव्हतं.

एकदा मी दुकानात आलो होतो, आठवतं? आदल्या दिवशी पेपरात कुठल्यातरी धक्क्याचा पूल निखळल्याची बातमी होती. तो आपला नव्हता, पण मला रात्रभर झोप नाही. घरातला चांगला काटा पिशवीत घालून दुरुस्तीच्या निमित्तानं आलो. तुम्ही तो उघडलात, वजनं ठेवून बघितलीत, परत बंद केलात.

"ठीक है ये. कायकू लाया?"

"थोडा चुकल्यासारखा वाटला."

"नै चुकत." मग तुम्ही चष्मा काढलात. "दत्ता, कुछ बोलना था क्या?"

"नाय ओ. काय बोलायचं?"

तुम्ही चहा मागवलात. आपण पुन्हा खारं पाणी आणि ताकद यावर तासभर भांडलो. उठताना तुम्ही हात धरलात आणि सोडलात. त्या हात धरण्याचा अर्थ मी किती वर्षं लावतोय! तुम्ही मला सांभाळून घेतलंत, की वही न उघडून मला कायमचं टांगून ठेवलंत, पेटीतल्या सळईसारखं? एक शब्द बोलला असतात तर मी सुटलो तरी असतो. रागवायला, शिव्या द्यायला काय जात होतं तुमचं? तुमच्या त्या गप्प बसण्यावर मी उपकारापेक्षा सुडाचाच संशय जास्त घेतला. आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही की तो पूर्ण गेलाय.

पण एक गोष्ट मी स्वतःपासून लपवत होतो. त्या दिवशी केबिनमध्ये तुम्ही वही उघडली असती आणि मी म्हटलं असतं की नोंदी खऱ्या आहेत, तर साहेबांनी कुणाचं ऐकलं असतं? माझं. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि तुम्हालाही. तुम्हाला पुन्हा एकदा कागद दाखवत उभं राहावं लागलं असतं, तेही माझ्यासारख्या कालच्या पोरासमोर. त्यापेक्षा तुम्ही पेन खाली ठेवलंत. हे मी तुमच्या बाजूनं रचतोय का, तेही कळत नाही. विचारायला आता तुम्ही नाही.

तर कब्रस्तानातला तो माणूस. तुमच्या जावयानंच ओळख करून दिली, "चाचा, हे अब्बांचे साढू. बिडकीनचे."

साढू! माझं सडकं डोकं तिथंही थांबलं नाही. मनात म्हटलं, साढू असला म्हणून काय झालं, साढू काय खायला घालत नाही? तेवढ्यात तोच म्हणाला, "तुम्ही दत्ताभाऊ ना? एकदा हॉटेलात आमाला बघून परत गेलते तुमी. शबानाच्या लग्नातल्या देगा परत करायच्या होत्या, त्याचंच बोलत बसलतो आमी. हमीदभाई उठले बी होते तुमाला बोलवायला. म्हणले, त्याचं लगीन जमलंय, चहा पाजू."

बिर्याणीच्या भाड्याच्या देगा, हमीदभाई. त्यांच्यावर मी तुमची नोकरी घालवली.

घरी शबाना भेटली. तिच्या केसांतही आता पांढरं दिसतंय. मी धीर करून विचारलं, "अब्बा माझ्याविषयी कधी काही म्हणायचे का?" "नै चाचा. तुमचं नाव निघालं की अब्बा गप्प बसायचे. अम्मी विचारायची तरी नाही सांगायचे. तुमचं कशावरनं भांडण झालतं?"

समोर तुमची रिकामी खुर्ची, आणि मी म्हटलं, "लोखंडावरून, बेटा."

पुन्हा खोटं. तुमच्या घरात, तुमच्या पोरीशी, तुम्हाला माती देऊन आलेल्या हातांनी. परतीच्या वाटेवर रिक्षात मी रडायला लागलो. सुनीताला वाटलं तुमच्यासाठी रडतोय. घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदा. पेटी, पाणी, आठ नोंदी, साहेबांच्या कानात घातलेलं ते वाक्य. ती ऐकत होती तोवर गॅसवरचं दूध उतू गेलं, तरी उठली नाही. शेवटी म्हणाली, "माझ्यापायी राहिलात तुम्ही कन्नडला. म्हंजी अर्धं पाप माझं. पण त्या माणसाचं नाव खराब केलंत ते सगळं तुमचं. त्या पिना हायेत का अजून तिथं?"

"काय माहीत."

"मग बसा आन् लिवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं. त्या बोटी चालवणाऱ्यांच्या नावानं, साधं पत्र. मी अमुक, तुमच्या पुलाच्या पिनांची खाऱ्या पाण्यातली चाचणी मी केली. पेटीकडं चार दिवस कुणी बघितलं नाही, ती कोरडी पडली होती. पाणी बोअरचं होतं. नोंदी मी खोट्या लिहिल्या. त्या रिपोर्टावर भरवसा ठेवू नका, पिना उतरवून बघा. नुसता जोर तपासू नका, खड्डे बघा, वाकवून बघा. खाली सही केली आणि फोन नंबर टाकला. पोस्टातल्या माणसानं पावती दिली तेव्हा वाटलं, हा तरी नीट पोचवेल का? सवय जात नाही.

आठवड्यानं फोन आला. तिकडच्या इंजिनिअर बाई होत्या, आवाजावरून तरुण. आधी त्यांनाच माझा संशय आला. हे आत्ताच का सांगताय, कुणाच्या सांगण्यावरून, तुमचा फायदा काय. तुमच्या हाताखाली तयार झाल्यासारखं विचारत होत्या. मी सगळ्याची उत्तरं दिली. मग त्या म्हणाल्या, पिना त्याच आहेत. एका पिनेच्या कडेला गंजाचा डाग दिसतो, पण आजवर सगळे म्हणायचे, स्टेनलेस आहे, वरवरचं असेल. सोमवारपासून पूल बंद ठेवून चारही उतरवतो.

मला वाटलं संपलं. पण त्यांनी विचारलं, "हे त्या वेळी तुमच्याकडं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं का?"

माझ्या जिभेवर 'नाही' तयार होतं. इतक्या वर्षांत ते आपोआप येतं. सुनीता समोर भाजी निवडत बसली होती, तिनं मान वर केली.

"आलं होतं," मी म्हणालो. "हमीद शेख म्हणून आमचे सीनियर होते. त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी सही केली नव्हती. नाव लिहून घ्या, मॅडम, पूर्ण. त्यांनी कुणाचं काही खाल्लं नव्हतं. ते मी पसरवलं होतं."

पलीकडं लिहिण्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "त्यांचा नंबर देता का? त्यांनी नेमकं काय बघितलं होतं, ते त्यांनाच विचारायला हवं."

हमीदभाई, जावयाचा फोन आला तेव्हा नाही, माती टाकली तेव्हाही नाही, तुम्ही गेलात हे मला त्या क्षणी कळलं. नंबर माझ्या फोनमध्ये अजून आहे. मी त्यांना म्हणालो, "आता ते नाहीत, मॅडम. मी दहा दिवस उशीर केला."